डबा रिकामा झाला



वरळीहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "सुट्टीच्या दिवशी काय करता तिकडे?" आम्ही सांगतो, "फिरायला जातो. रस्त्यावर उभं राहून खातो आणि बेसबॉल बघतो." मग पलीकडे क्षणभर शांतता. अमेरिकेत जाऊनही माणसे रस्त्यावरच खातात, हे ऐकून आमच्या नातेवाइकांचा विरस होतो. आम्ही काहीतरी लपवतो आहोत, असेच त्यांना वाटते.

लपवण्यासारखे काही नाही. आम्ही दोघे नवरा-बायको २००६ पासून न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटी या शहरात राहतो. हडसन नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे न्यूयॉर्क. आमच्यातला नवरा गोदामात रात्रपाळीला माल चढवतो-उतरवतो, बायको एका पाळणाघरात दुसऱ्यांची मुले सांभाळते. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही'. एकमत नसेल तिथे तसे सांगू.

रस्त्यावर खाण्याची आवड नवऱ्याच्या वडिलांपासून आली. ते गिरणी कामगार. गावी असताना त्यांना हॉटेलच्या बाहेर, कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा. प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि कोनाड्यात उपडा घालून ठेवायचा. मुंबईला आल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी गाडीवर भजीपाव खाल्ला, चार लोकांत, खांद्याला खांदा लावून. गाडीवाल्याने पैसे मोजून घेतले, जात विचारली नाही. ते म्हणायचे, "गाडीवरचं खावं. तिथं बसायलाच जागा नसते, मग कुणाला कुठं बसवायचं हा प्रश्नच येत नाही."

हे त्यांचे बोलणे आम्हाला अमेरिकेत आल्यावर जास्त पटले. त्याला कारण घडले.

२००७ साली एका मराठी घरी स्नेहभोजनाचे आमंत्रण आले. प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा होता. बायकोने कोथिंबीर वड्या केल्या आणि लग्नात मिळालेल्या स्टीलच्या डब्यात भरून नेल्या. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरायची पद्धत आहे. त्या डब्याच्या झाकणावर कोरलेले आहे, 'मंगल परिणय १९९८. मामांकडून. जयभीम.' यजमानीण बाईंनी डबा हातात घेतला, झाकणावरची अक्षरे वाचली, हसून "छान, छान" म्हणाल्या आणि डबा ओट्याच्या कडेला ठेवला. बाकीची सगळी भांडी टेबलावर गेली. आमचा डबा गेला नाही. जेवणे झाली, गाणी झाली. निघताना त्यांनीच डबा पिशवीत घालून दिला. "अहो, विसरलेच बघा!"

कुणी वाईट शब्द बोलले नाही. शब्द बोलला असता तर उत्तर देता आले असते. रात्री आगगाडीत आम्ही त्या थंडगार वड्या खाल्ल्या. बायको एकही शब्द बोलली नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने विचारले, "तिथं कुणाला भूक नव्हती का?"

त्यानंतर आम्ही अशा कार्यक्रमांना जाणे सोडले आणि सुट्टीला फिरायला बाहेर पडू लागलो. नवऱ्याचे आजही म्हणणे आहे की ती बाई खरोखर विसरली असेल. बायकोचे म्हणणे वेगळे आहे. झाकण वाचताना त्या बाईचे डोळे तिने पाहिले होते.

आता आमची सहल. जर्नल स्क्वेअर स्टेशनवरून आगगाडीने नदीखालच्या बोगद्यातून न्यूयॉर्क गाठायचे. तिथे थोडे चालून सात नंबरची गाडी पकडायची. क्वीन्स भागात शिरल्यावर ही गाडी जमिनीतून वर येते आणि पुलावरून चालू लागते. खाली रूझवेल्ट ॲव्हेन्यू हा लांबच लांब रस्ता. या एका रस्त्यावर जितक्या देशांची माणसे राबतात, तितक्या देशांची नावेही आम्हाला शाळेत शिकवली नव्हती.

जॅक्सन हाइट्सला उतरलो की मोमोच्या गाड्या. विकणारे तिबेटी आणि नेपाळी. उकडीच्या मोदकाला चुण्या असतात तशाच चुण्या, आत मात्र गुळ-खोबऱ्याऐवजी मांस किंवा कोबी, आणि वर ठसका लागेल अशी लाल चटणी. एका गाडीवर दलाई लामांचा फोटो आहे. बायकोने पहिल्यांदा हात जोडले तेव्हा विकणाऱ्या बाईने आश्चर्याने पाहिले. "आम्हीही बौद्ध," असे सांगितल्यावर दोन मोमो जास्त आले. दरवेळी येत नाहीत हो! धंदा तो धंदा.

पुढे कोरोना या भागात मेक्सिको आणि इक्वेडोरकडची माणसे. रोगाच्या किती तरी आधीपासून या वस्तीचे हे नाव आहे. इथे भाजलेले कणीस मिळते. आपण लिंबू आणि तिखट-मीठ लावतो, ते लिंबू आणि तिखट लावतातच, पण त्याआधी पांढरे मेयोनीज फासतात आणि वरून चीजचा चुरा भुरभुरतात. नवऱ्याला ते पसंत नाही. तो खुणेने सांगतो, "ते पांढरं नको, नुसतं लिंबू-तिखट." दुसरा पदार्थ तमाले. मक्याचे पीठ मळून, आत मटण किंवा मिरची भरून, कणसाच्याच वाळक्या पानात गुंडाळून उकडलेले. कोकणातली पानगी आठवावी. पहाटे कामावर जाणारे मजूर हेच खातात, कारण स्वस्त आणि पोटाला आधार देणारे.

या विकणाऱ्यांचे हाल मुंबईच्या फेरीवाल्यांसारखेच. न्यूयॉर्कमध्ये खाण्याच्या गाड्यांच्या परवान्यांवर १९८० च्या दशकापासून मर्यादा आहे, त्यामुळे पुष्कळांना परवाना मिळतच नाही. २०२३ च्या जुलैत कोरोना प्लाझा या चौकातले विक्रेते सरकारी माणसांनी उठवले. पुढे थोड्यांना परत बसू दिले. गाडी येते म्हटल्यावर भराभर पातेली झाकणारे हात आम्ही तिथेही पाहिले. वरळी नाक्यावर "गाडी आली!" ही आरोळी ऐकत वाढलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

तिथून काही स्टेशने पुढे मेट्स संघाचे मैदान, सिटी फील्ड. २००९ साली ते उघडले. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्याचे, कामाच्या दिवसाचे तिकीट काढतो, कारण ते परवडते. आतले खाणे मात्र खिशाला चटका देते, म्हणून घरून नेतो.

बेसबॉल म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न फोनवर येतो. जांबोरी मैदानावर क्रिकेट खेळलेल्या नवऱ्याला पहिली दोन वर्षे तो नुसता विटी-दांडू वाटत होता. दांडू गोल, चेंडू टप्पा न पडता थेट येतो. फटका मारून चेंडू मैदानात गेला की धावलेच पाहिजे. चार कोपऱ्यांवर चार तळ, एकापासून दुसरा नव्वद फुटांवर. चारही करून परत आलात तर एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी दुसऱ्याची, अशा नऊ पाळ्या. दहापैकी सात वेळा अपयशी ठरला तरी तो फलंदाज मोठा मानतात. गोदामातल्या मुकादमाला हे कुणी शिकवील काय! पूर्वी सामना तीन तासांवर चालायचा. २०२३ पासून चेंडू टाकणाऱ्याला घड्याळ लावले आहे, त्यामुळे आता शेवटची आगगाडी चुकण्याची भीती राहिली नाही.

२०२४ साली जयंती रविवारी आली. घरी आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले, चार मित्र आले, कोथिंबीर वड्या भरपूर झाल्या. दुसऱ्या दिवशी, सोमवारी १५ एप्रिलला, मेट्सचा घरच्या मैदानावर सामना होता. उरलेल्या वड्या कशात न्यायच्या? हाताशी आला तो तोच डबा. सतरा वर्षे तो परक्यासमोर उघडला नव्हता.

मैदानात शिरलो तर प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर एकच आकडा, ४२! नवरा वैतागला. "आता ओळखायचं कुणाला कसं?" शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या पुढची एक कृष्णवर्णीय बाई होती. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली. ती हसली आणि तिने कागदी पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. टरफले खाली टाकायची, इथे कुणी रागवत नाही, असेही सांगितले. एस.टी. स्टँडची आठवण झाली.

मग तिनेच समजावले. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघातून उतरला. त्याआधी कित्येक दशके मोठ्या संघांत काळ्या माणसाला जागा नव्हती. त्यांचे संघ वेगळे, सामने वेगळे. रॉबिन्सन आत आला तरी कित्येक गावांत संघ एका हॉटेलात आणि तो दुसरीकडे, अशी स्थिती होती. ४२ हा त्याचा आकडा. १९९७ साली तो सगळ्या संघांनी राखून ठेवला. आता वर्षातून एका दिवशी सगळे तोच घालतात.

"तुम्ही कुठून आलात?" तिने विचारले. जर्सी सिटी म्हटल्यावर ती जवळजवळ ओरडलीच. "मग तो हात तुमच्याच गावात मिळवला ना!"

आम्हाला काहीच माहीत नव्हते. १८ एप्रिल १९४६. रॉबिन्सन तेव्हा खालच्या पातळीवरच्या मॉन्ट्रियलच्या संघात होता आणि त्याचा पहिला सामना आमच्या जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियमवर झाला. त्याने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावला. धावत परत आला तेव्हा जॉर्ज शुबा हा गोरा सहकारी पुढे झाला आणि त्याने सर्वांसमक्ष त्याचा हात हातात घेतला. त्या क्षणाचे छायाचित्र आहे. मॉन्ट्रियलने सामना १४-१ असा जिंकला, पण तिच्या वडिलांनी तिला सांगितला होता तो धावफलक नव्हे, तो हात.

हात लावण्याची एवढी मोठी बातमी का होते, हे आम्हाला विचारावे लागले नाही. आम्ही तिला पळवणकर बाळूंविषयी सांगितले. चांभार समाजातला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, पण पुण्यात खेळताना चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू त्याच्या हातचा चाले, कप चालत नसे. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. "तो चेंडू मग धुवायचे का?" तिने विचारले. आम्ही तिघेही मोठ्याने हसलो.

सातव्या पाळीच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उठून उभे राहतात, पाय मोकळे करतात, गाणे म्हणतात. खाली बसताना तिने पुन्हा शेंगा दिल्या. आता आपण काही द्यायला नको का? बायकोचा हात पिशवीत गेला आणि थांबला. नवऱ्याने पाहिले, पण तो काही बोलला नाही. मग तिने डबा काढला.

त्या बाईने झाकण हातात घेतले. बोटाने अक्षरे चाचपली. "काय लिहिलं आहे?"

बायकोने वाचून दाखवले, शेवटच्या शब्दासकट. तो कुणाचा, ते भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ याच न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठात कसे शिकले, आणि त्या हस्तांदोलनाच्याच वर्षी, १९४६ साली, त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून तिथल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेलेल्या अर्जाची प्रत कशी मागितली, हे सगळे आमच्या मोडक्या इंग्रजीत सांगितले. ड्यू बॉइस हे नाव ऐकताच तिने झाकण मांडीवर सरळ करून ठेवले. बोलता बोलता ती वड्या खात होती. मागच्या रांगेतल्या नातवालाही तिने दोन दिल्या. नवव्या पाळीत पाहतो तो डबा रिकामा. तळाशी फक्त तीळ आणि तेल.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रॉबिन्सनचा कांस्य पुतळा जर्नल स्क्वेअर स्टेशनपाशी १९९८ साली बसवला आहे. वर्षानुवर्षे आम्ही त्याच्या पायाशी एकमेकांची वाट पाहत उभे राहिलो; कोण ते कधी वाचले नाही. आपल्या पुतळ्यांजवळून न वाचता जाणाऱ्यांवर आम्ही किती रागावतो! ते रूझवेल्ट स्टेडियम १९८५ साली पाडले. त्या जागी आता घरे आहेत. आम्ही मुद्दाम जाऊन पाहून आलो. आणि शहर काही देवभूमी नाही. ज्या शहरात तो हात मिळवला, तिथेच १९८७ साली 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी कुंकू लावणाऱ्या भारतीय बायकांवर आणि त्यांच्या माणसांवर हल्ले करीत होती. मैदानावरही सगळे छान झाले असे नाही. आज मोठ्या संघांत अमेरिकेतले कृष्णवर्णीय खेळाडू शंभरात जेमतेम सहा-सात उरले आहेत. शेंगा देणारी बाई हे सांगताना हसत नव्हती.

मुलगी आता चोविशीची आहे. ओळखीच्या भारतीय मुलांत ती फक्त पहिले नाव सांगते, हे आम्हाला गेल्या वर्षी कळले. आम्ही ओरडलो नाही. पुढच्या सामन्याला तिला बरोबर घेऊन गेलो. वाटेत तिने पांढरे लावलेले कणीस खाल्ले, बापाला चिडवले, डब्याचे झाकण हातात घेऊन बराच वेळ बसली. काय विचार करत होती, ते तिने सांगितले नाही.

यंदाही एका मराठी स्नेहभोजनाचे आमंत्रण आले आहे. घर दुसरे आहे, माणसे नवी आहेत. नवऱ्याचे म्हणणे, जाऊ या. बायकोने अजून होकार दिलेला नाही. गेलो तर वड्या कोणत्या डब्यातून न्यायच्या, याबद्दल मात्र आमच्यात वाद नाही.