'बीट'

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या अगोदर आम्ही नववीच्या वर्गास इंग्रजीतील 'बीट' हा शब्द दिला आणि ताल ह्या अर्थी त्याचा उपयोग करून प्रत्येकाने एक वाक्य लिहावे असे सांगितले. वह्या हाती आल्या तेव्हा आमची चांगलीच करमणूक झाली. एकाने लिहिले होते की, मास्तर खोडकर मुलास 'बीट' करतात. दुसऱ्याच्या वाक्यात गोलंदाजाने फलंदाजास 'बीट' केले होते. तिसऱ्या एका विद्यार्थिनीने तर त्याची कोशिंबीरच करून टाकली! पण त्या तांबड्या कंदाच्या नावात इंग्रजी अक्षरे वेगळी आहेत. उच्चार तेवढा सारखा. ह्या सर्वांस आम्ही हसत हसत लाल शाईचा प्रसाद दिला.

त्याच ओघात आणखी एका वहीवर फुली पडली. वसतिगृहात राहणाऱ्या पाटण तालुक्यातील एका मुलाने लिहिले होते, 'माझे वडील रोज सकाळी आपल्या बीटवर चालतात.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. परंतु येथे 'बीट' म्हणजे नेमून दिलेला टापू; ताल नव्हे. आम्ही गुण कापला आणि वही मिटली.

दिवाळीच्या सुट्टीस मुलास नेण्याकरिता त्याचे वडील साताऱ्यास आले. ते कोयनेच्या रानात वनरक्षक आहेत. सरकारी मराठीत त्यांच्या टापूस 'नियतक्षेत्र' म्हणतात, पण बोलण्यात सर्वत्र 'बीट' हाच शब्द चालतो. ह्याच रानाची दक्षिणेकडील बाजू सांगली जिल्ह्यातील चांदोलीपर्यंत जाते, आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दर चार वर्षांनी देशात वाघांची गणना होते, तीतही बीट हेच मोजणीचे मूळ एकक असते. बीटातील ठरलेल्या २ किलोमीटरांच्या सरळ रेषेवरून वनरक्षक पायी जातो व दिसतील ती सांबरे, भेकरे, गवे टिपून घेतो. देशाचा मोठा आकडा अशा पावलांवर उभा राहतो.

मुलाने वही वडिलांस दाखविली असावी. निरोप घेताना ते संकोचाने म्हणाले, "सर, पोराचं वाक्य चुकलं का हो? आम्ही घरी हाच शब्द बोलतो."

"वाक्य शुद्ध आहे," आम्ही म्हणालो, "पण त्यात तालाचा अर्थ येत नाही."

"इंग्रजी काय आम्हांला कळत नाही," ते म्हणाले. "पण रोज त्याच वाटेनं गेलं की पायाला ताल आपोआप धरतो. आणि तो चुकला की रानाला आधी कळतं. मागं दोन दिवस तापानं पडलो होतो. तिसऱ्या दिवशी गेलो, तर एका जुन्या झाडाचा बुंधाच तेवढा राहिला होता."

ते नमस्कार करून गेले. आम्ही मात्र बराच वेळ त्या फुलीचा विचार करीत बसलो.

आमचे बालपण सांगली-मिरजेकडे गेले. आमची मावशी मिरजेस एका रुग्णालयात परिचारिका होती. सुट्टीत तिच्याकडे गेलो की ती गमतीने आमचे मनगट धरी, घड्याळाकडे पाही आणि "बहात्तर!" असे सांगे. मिनिटास ७२ ठोके म्हणजे दिवसाकाठी १ लाखाहून अधिक ठोके होतात, हे गणित आम्ही तिच्याच ओसरीवर केले. ह्या ठोक्यांसही डॉक्टर 'बीट' म्हणतात. रात्रपाळीस मावशी ठरल्या वेळी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाई, नाडी पाही आणि तक्त्यावर आकडा मांडी. हृदयाचा ठोका आणि तिची फेरी ही दोन्ही एकाच नियमाने चालत असत. परंतु ती दोन्ही इंग्रजीच्या एकाच शब्दात मावतील हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

आता पाहू लागलो तो जिकडे तिकडे हा शब्द दिसू लागला. पोलीस ठाण्यात बीट हवालदार आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांचे बीट असते आणि त्यावर विस्तार अधिकारी देखरेख ठेवतात. अंगणवाड्यांचेही बीट असते. वार्ताहरासही त्याचे बीट नेमून दिलेले असते. मराठीत आपण ठोका, ठेका, गस्त, फेरी असे निरनिराळे शब्द योजतो. इंग्रजीने एकाच क्रियापदावर हा संसार उभारला आहे, आणि त्या क्रियापदाचा मूळ अर्थ आघात करणे हा होय. तबल्यावर आघात हाताचा, वाटेवर पायांचा. पुष्कळ पावलांनी मळलेल्या वाटेसही इंग्रजीत ह्याच क्रियापदापासून झालेले विशेषण लावतात. एकच थाप पडली तर तो नुसता आवाज होतो. तीच ठरल्या वेळी पुनःपुन्हा पडली म्हणजे ताल होतो. त्रितालाच्या १६ मात्रा पुऱ्या करून वादक समेवर येतो, तसाच वनरक्षकही आपली फेरी पुरी करून नाक्यावर परततो.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासास आम्ही ती वही मागून घेतली, सर्व वर्गासमक्ष फुली खोडली आणि कापलेला गुण परत दिला. फळ्यावर ते वाक्य लिहून आम्ही म्हणालो, "ह्यात ताल आहे. तो आम्हांस ऐकू आला नाही, ही चूक आमची." मुलगा मान खाली घालून बसला होता, कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत इतर मुले त्याच्याभोवती जमून वडिलांस वाघ दिसला काय, हे विचारीत होती.

विद्यार्थीमित्रहो, घरात रोज कानी पडणारा शब्द परीक्षेत लिहिण्यास कचरू नका. आणि पालकहो, आपले रोजचे काम मुलांस अवश्य सांगत जा. त्या मुलास 'बीट' शब्दाचा जो अर्थ घरी मिळाला होता, तो आमच्या शब्दकोशाच्या दोन पानांत पसरलेला असूनही आम्हांस सापडला नव्हता.