मुळशी: सोपी वाट, जड पाणी

गड-बिड चढायचं म्हटलं की माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मला मुळशी आवडतं. पौड मागं टाकलं की तलावाकाठी, भातखाचरांच्या कडेनं निवांत पायवाटा. बूट, पाण्याची बाटली, बास!

पण बॉस, या पाण्याखाली गावं आहेत. टाटांच्या या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापटांसह अनेकजण तुरुंगात गेले. तरी धरण झालंच. जमीन मुळशीची गेली, वीज मुंबईला मिळाली. आपला वीकेंडचा 'लेक व्ह्यू' म्हणजे कुणाची तरी बुडालेली भातशेती. म्हणून मी उरलेल्या शेतांचे बांध सांभाळून चालते, शेतात कुणी दिसलं तर विचारूनच पुढं जाते. तुम्हीही विचारा, बहुतेकदा वाट तर मिळतेच, वर गप्पाही!