वहीच्या कोपऱ्यातला खो-खो

टीव्हीवर सामने बघायचा मला अलीकडे कंटाळा येतो. घरात क्रिकेट चालूच असतं. एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात चहा असला की हे जागचे हलत नाहीत, आणि मी येता-जाता नुसता स्कोअर विचारते. कंटाळा खेळाचा नाही, दाखवण्याचा आहे. एकच झेल चार बाजूंनी, मग सावकाश, मग आणखी सावकाश. बोटांची नखंसुद्धा दिसतात, पण चेंडू अंगावर येताना त्या पोराच्या पोटात काय झालं असेल, ते कुठल्याच कॅमेऱ्याला सापडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मात्र रिमोट मी ताब्यात घेतला. महिला आणि पुरुष, आपले दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी सोफ्यावर बसून यथेच्छ आरडाओरडा केला. तरी काहीतरी निसटत होतं. मॅट, दिवे, वरून फिरणारा कॅमेरा, सगळं झकास होतं, फक्त आपण खेळलो तो खेळ हाच का, असा प्रश्न मधूनमधून पडायचा.

मी खेळले ती मातीवर. पुण्यातली शाळा, मैदानावर सकाळी पाणी मारलेलं, फक्कीने आखलेल्या रेषा. आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत येणार. बसलेलीला मागचं दिसत नाही. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ एकदमच येतात, आणि डोक्याला कळायच्या आत पाय उठलेले असतात. या खेळाची सगळी गंमत एका अन्यायात आहे. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की तिला उलटं फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. खांबाला वळसा तरी घाला, नाहीतर खो देऊन खाली बसा. पळणारीला मात्र बसलेल्यांमधून कुठूनही आरपार जायची मुभा. म्हणून पळणारीचं खरं हत्यार पाय नव्हेच, हूल. डावा खांदा किंचित पाडायचा, नजर डावीकडे टाकायची आणि उजवीकडे निसटायचं.

त्याच वर्षांतला माझा दुसरा नाद म्हणजे वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढणं. शंभर पानी वही, उजवा खालचा कोपरा, नटराज पेन्सिल. शेवटच्या पानापासून सुरुवात करायची, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून पुसट दिसतं आणि त्यावरून पुढचं काढता येतं. मग अंगठ्याने पानं सोडली की काडीची माणसं धावायला लागायची. भूगोलाच्या वहीत माझी एक मुलगी खांबावर सूर मारायची. सूर मारताना एका हाताने खांब धरून उरलेलं अख्खं अंग बाहेर फेकायचं असतं. तो काढण्यासाठी मी मैत्रिणीला म्हटलं, जरा सावकाश मारून दाखव. ती म्हणाली, सावकाश कसा मारणार, पडेन ना! खरंच होतं. सूर सावकाश मारताच येत नाही. शेवटी मी डोळे मिटून स्वतःच्याच खांद्याला विचारायचे, आता तू कुठे असतोस? गुडघे आधी वाकतात, पोट आत जातं, आणि मग मधली दोन चित्रं जवळजवळ नसतातच. एकदम बोटं ताणलेली आणि समोरचीची टाच.

सिनेमाला वेळेवर जायचा हट्टही त्याच काळातला. तेव्हा मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील किंवा छोटा माहितीपट लागायचा आणि लोक मुद्दाम तेवढा वेळ बाहेर शेंगदाणे खात थांबायचे. क्वचित त्या जागी अ‍ॅनिमेशनपट असायचा. तेवढ्यासाठी मी वडिलांना ओढत आत नेत असे. विजया मुळे यांचा ‘एक, अनेक और एकता’ (१९७४) हा असाच छोटा चित्रपट पुढे दूरदर्शनवर इतक्या वेळा लागला की आमच्या पिढीला तो पाठच आहे. बाकीचे गाणं म्हणायचे, मी मात्र पक्ष्यांनी जाळ्यासकट उडताना पंख किती वेळा मारले ते बघत बसायचे.

मग नोकरी, संसार वगैरे. वह्या रद्दीत गेल्या.

हे सगळं परत उकरून काढलं ते माझ्या भाच्याने. तो अ‍ॅनिमेशन शिकतो. सुट्टीत येतो तेव्हा लॅपटॉप उघडून मला छोट्या फिल्म्स दाखवतो, पाच-दहा मिनिटांच्या. मला हा आकार फार मानवतो. कथेला पसरायला जागाच नाही, त्यामुळे बनवणाऱ्याला खोटं भावुक व्हायलाही फारसा वेळ मिळत नाही. (मिळाला की ते होतातच, तो भाग वेगळा.)

पहिली दाखवली ‘डिअर बास्केटबॉल’. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर करताना खेळालाच उद्देशून पत्र लिहिलं होतं, त्यावर ग्लेन कीन यांनी २०१७ मध्ये ती केली. पुढच्या वर्षी तिला ऑस्कर मिळालं. बास्केटबॉल मला ओ की ठो कळत नाही. पण वडिलांच्या मोज्यांचे गोळे करून नेम धरणारा तो पोरगा, त्याच्याभोवती खोडलेल्या-न खोडलेल्या पेन्सिलच्या रेषा, आणि त्याच रेषांतून वर येणारा मोठा खेळाडू बघताना माझाच उजवा खांदा आपोआप मागे गेला. टीव्हीवरच्या कुठल्याही सामन्यात असं होत नाही. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, “मावशी, ते अँटिसिपेशन. उडी मारायची तर आधी खाली जायचं, फेकायचं तर हात आधी मागे न्यायचा. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. ती कुठे दाट ठेवायची आणि कुठे विरळ, यातच सगळं आलं.”

म्हणजे माझ्या भूगोलाच्या वहीतल्या त्या नसलेल्या दोन चित्रांना शास्त्र होतं! स्लो मोशन वेळेला सगळीकडून सारखंच ताणतं. खेळणाऱ्याची वेळ तशी नसते. उडीच्या आधी ती लांबते, उडीत नाहीशी होते. हे हाताने काढणाऱ्यालाच दाखवता येतं, कारण प्रत्येक चित्राला त्याला स्वतःच्या अंगाला विचारावं लागतं. मी भाच्याला म्हटलं, तुमचं अँटिसिपेशन म्हणजे आमची हूलच की. फक्त चित्रातला माणूस सरळमार्गी, खांदा जिकडे पाडतो तिकडेच जातो. खो-खोतली पोरगी तेच करून फसवते. त्याने हे लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. मला उगाच प्राध्यापक झाल्यासारखं वाटलं.

यान पिंकावा यांची ‘गेरीज गेम’ (१९९७) मी कितीदाही बघू शकते. बागेत एक म्हातारा स्वतःशीच बुद्धिबळ खेळतो. चष्मा लावला की भित्रा, काढला की आक्रमक. भित्रा हरायला आला की हृदयविकाराचा झटका आल्याचं सोंग करतो आणि समोरचा बेसावध झाला की पट फिरवतो. बक्षीस म्हणजे स्वतःचीच कवळी. मे महिन्याच्या दुपारी मी अशीच एकटी कॅरम खेळायचे. पांढऱ्या माझ्या, काळ्या ‘तिच्या’. तिच्या वेळी मी नेमका वाईट नेम धरायचे, त्यामुळे गेरी मला परका नाही.

पण सगळ्यांत आवडती ‘द स्वेटर’. कॅनडातली, १९८०ची, शेल्डन कोहेन यांची. क्युबेकमधल्या एका खेड्यात १९४६ साली सगळी पोरं मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशारची ९ नंबरची जर्सी घालून बर्फावर हॉकी खेळतात. एकाची जर्सी आखूड होते, आई कॅटलॉगवरून नवी मागवते आणि येते ती कट्टर शत्रू टोरंटोची. आई म्हणते, घाल. बिचारा शेवटी चर्चमध्ये जाऊन देवाकडे कसर मागतो, जर्सी खाऊन टाकायला. यात खेळ मोजकाच आहे, तरी खेळाबद्दल याहून खरं काही मी पाहिलेलं नाही. संघात असणं म्हणजे आधी संघातल्यासारखं दिसणं, हे पोरांना मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं. माझ्या आईने खो-खोची चड्डी ‘वाढत्या अंगाची’ शिवली होती, गुडघ्यांच्या खाली. आंतरशालेय सामन्यात समोरच्या पोरी हसल्या. त्या दिवशी मी पळाले मात्र फार चांगली, बहुधा रागाने.

गेल्या दिवाळीत भाचा आला तो प्रोजेक्ट घेऊनच. “मावशी, माळ्यावरचा कॅरम काढ. सोंगट्यांची स्टॉप मोशन करायची आहे.” दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या अशाच तसूतसूने सरकवून १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, ही माहितीही त्याचीच. बोर्ड पुसला, पावडर टाकली, वर स्टँडला फोन लावला. तो सोंगटी दर फोटोला सारखीच सरकवायला लागला. मी म्हटलं, अशी जाईल का ती? स्ट्रायकर लागल्यावर पहिली उडी मोठी, मग पावडरवर घसरत घसरत दम जातो तिचा. पावसाळी बोर्ड असेल तर आणखी आधी थांबते. मग अंतरं मी ठरवायची आणि फोटो त्याने काढायचे, अशी वाटणी झाली. दुपार गेली, राणी भोकाच्या तोंडाशी आली. पडायला चार-पाच फोटो उरले होते.

तेवढ्यात ह्यांची मॅच संपली. हे आले, बोर्डाकडे बघितलं, म्हणाले, “अरे वा, सोपी आहे,” आणि खुर्ची ओढून टक्‌कन राणी घेतली.

“काका!” भाचा किंचाळला.

“काय झालं? थांब, कव्हर घेतो,” म्हणत हे पांढरी शोधायला लागले.