कोल्हा, कावळा आणि आमचा शनिवार

मंडळी, अंकात माझं नाव पाहून तुम्हाला वाटलं असेल, की सरांनी यंदाही घर उबदार ठेवण्याच्या खर्चावर नाहीतर निवृत्तीनंतरच्या नियोजनावर काहीतरी लिहिलंय. तुम्ही पान उलटून फराळाकडे वळण्याच्या बेतात असाल, पण जरा थांबा. यंदा मी कार्टूनवर लिहिणार आहे.

अडतीस वर्षं मी इथल्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलं. माझा पीएच.डी.चा विषय होता उष्णतेचं वहन. त्यामुळे वयाच्या पंचाहत्तरीत लहान मुलांच्या विनोदावर बोलण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न रास्त आहे. अधिकार एवढाच, की या विषयात मी एकदा सपशेल नापास झालो होतो आणि आता सहा वर्षांच्या शिक्षिकेच्या हाताखाली पुन्हा परीक्षेला बसलो आहे.

गोष्ट १९८४ ची. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. तुमच्यापैकी जे इथे वाढले त्यांना अमेरिकेतल्या शनिवार सकाळचं महत्त्व सांगायला नको. आई-वडील झोपलेले, हातात सीरिअलचा वाडगा आणि टीव्हीवर ओळीने कार्टून. आमच्या घरात मात्र शनिवारी साडेनऊला मराठीचा वर्ग असे. वर्गात विद्यार्थी एक आणि मास्तर मी. भारतातून आणलेलं अंकलिपीचं पुस्तक, दुरेघी वही, टोक केलेली पेन्सिल. माझी भूमिका स्पष्ट होती. आठवडाभर शाळेत इंग्रजी कानावर पडतंच, निदान शनिवारी सकाळी तरी घरात मराठी हवी.

एका शनिवारी साडेनऊला मी बैठकीच्या खोलीत आलो. पडद्यावर रोड रनरचं कार्टून चालू होतं. कोल्हा त्या पक्ष्याच्या मागे धावत कड्याच्या टोकापुढे गेलेला, पायाखाली जमीन नाही आणि तो हवेत उभा. मुलगा दोन्ही हात तोंडावर धरून वाट बघत होता. मी टीव्ही बंद केला. तो काही बोलला नाही. वही उघडून बसला आणि 'क' ते 'ज्ञ' एकही चूक न करता लिहून दाखवलं. मला फार समाधान वाटलं.

या घटनेला बरीच वर्षं लोटली. नात बोलायला लागली तेव्हा मी एकदा जेवणाच्या टेबलावर तक्रार केली, की तू तिच्याशी मराठी का बोलत नाहीस. मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी मराठी म्हणजे टीव्ही बंद होण्याचा आवाज." म्हणाला इंग्रजीत, आणि तेही हसत. रागाने म्हणाला असता तर मी वाद घातला असता. हसत म्हणाला, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची बदली आमच्याच गावात झाली. तेव्हापासून मंगळवारी आणि गुरुवारी नात शाळेतून थेट आमच्याकडे येते. या वेळी मी ठरवलं, की वही-पेन्सिल काढायची नाही. ती जे बघेल ते तिच्या शेजारी बसून बघायचं. पण मास्तरकीची खोड जाते थोडीच! ती नेमकी कुठे हसते, हे मी एका छोट्या वहीत टिपून ठेवू लागलो.

सुरुवात त्या जुन्या कोल्ह्यापासूनच केली. चक जोन्स हे दिग्दर्शक आणि मायकेल माल्टीज हे लेखक, या जोडीने तो कोल्हा आणि रोड रनर १९४९ साली चित्रपटगृहांसाठी निर्माण केले. टीव्हीवर ते पुढे आले. जोन्स यांनी आपल्या आत्मचरित्रात या मालिकेचे नियम सांगितले आहेत. पक्ष्याने कोल्ह्याला कधी इजा करायची नाही, फार तर बीप-बीप करायचं. कोल्ह्याचं जे वाटोळं होईल ते त्याच्या स्वतःच्या वेंधळेपणामुळे किंवा ॲक्मी कंपनीच्या मालामुळे. गुरुत्वाकर्षण हा त्याचा मुख्य शत्रू. आणि त्याला लागण्यापेक्षा त्याची फजिती जास्त व्हायला हवी. एखाद्या प्रयोगशाळेच्या दारावर लावावेत इतके हे नियम काटेकोर आहेत. मुलांचा विनोद म्हणजे वाटेल तो गोंधळ, असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. इथे तर शिस्त माझ्या वर्गापेक्षा कडक निघाली.

आता त्या पडण्याकडे या. आधार सुटलेली वस्तू पहिल्याच सेकंदात जवळजवळ पाच मीटर खाली जाते. कोल्हा जात नाही. तो हवेत उभा राहतो, पायाने जमीन चाचपतो, आपल्याकडे केविलवाणं बघतो, कधी मदतीची पाटी वर करतो. खाली बघितल्यावरच तो पडतो. माझ्यातला इंजिनिअर आधी वैतागला. मग लक्षात आलं, की नात पडल्यावर हसत नाही, ती पडण्याच्या आधी हसते. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. त्यातल्या काही चौकटी तिच्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत. तेवढ्या वेळात तिला कळलेलं असतं आणि त्या मोठ्या हुशार कोल्ह्याला कळलेलं नसतं. दिवसभर ज्याला त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं अशा जगात राहणाऱ्या मुलाला हे एक सेकंदाचं राज्य केवढं वाटत असेल!

तुम्ही लहानपणी बालनाट्य पाहिलं असेल तर हे राज्य तुम्हीही उपभोगलं आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकरांची चेटकीण रंगमंचावर आली, की समोरची मुलं गप्प बसत नसत. निकलोडियनवर १९९६ पासून 'ब्लूज क्लूज' लागायचं, त्यात सूत्रधाराला त्याच्या पाठीमागची खूण दिसायची नाही आणि घराघरांतली मुलं टीव्हीसमोर ओरडायची. सुरुवातीच्या काळात तो कार्यक्रम एकच भाग आठवड्याचे पाचही दिवस दाखवायचा. मोठ्यांना हा आळशीपणा वाटेल. पण मुलाला सोमवारी गोष्ट कळते आणि शुक्रवारी ती त्याची स्वतःची होते.

इथे मला आमच्या घरातली दुसरी मराठी आठवली. माझ्या वर्गाबरोबरच एक वर्ग रोज रात्री मुलाच्या अंथरुणावर भरत असे. तो त्याची आई घेत असे आणि त्याला वर्ग म्हणत नसत. तिथे काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जायचं आणि तो चिऊच्या मेणाच्या घराचं दार वाजवायचा. चिऊचं आपलं बाळाचं काही ना काही चाललेलं. आधी अंघोळ, मग अंग पुसणं, मग काजळ, मग तीट, मग झोपवणं. काऊ बाहेर भिजतोय आणि आतून दर वेळी नवी सबब. त्या खोलीतून मुलाचं हसणं मला अभ्यासिकेत ऐकू येई. मी पेपर तपासत असे आणि दार लोटून घेत असे.

आता वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहिलं. काऊ दार वाजवतो, दार उघडत नाही, नवी सबब. कोल्हा सापळा लावतो, पक्षी निसटतो, नवा सापळा. युक्ती एकच. सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि फक्त एक गोष्ट बदलायची. दुसऱ्या वेळी मुलाला पुढचं ओळखू येतं, तिसऱ्या वेळी त्याने ओळखलेलं जरासं चुकतं, आणि तिथे हसू फुटतं. भाषा तरी याहून वेगळी कुठे शिकली जाते? चौकट तीच, शब्द नवा. पुसणं, घालणं, लावणं, निजवणं ही सगळी क्रियापदं माझ्या मुलाला त्या चिमणीने शिकवली. माझ्या वहीतून त्याने फक्त अक्षरं घेतली.

आणि एक शोध तर मला फारच उशिरा लागला. रोड रनरच्या त्या कार्टूनमध्ये कुणी बोलतच नाही! बीप-बीप, चार पाट्या आणि सुरुवातीला चित्र थबकतं तेव्हा खाली येणारी खोटी लॅटिन नावं, एवढाच काय तो मजकूर. ज्या इंग्रजीच्या भीतीने मी टीव्ही बंद केला, ती त्या पडद्यावर जवळजवळ नव्हतीच. मी शेजारी बसून मराठीत बोललो असतो, तर ते कार्टून मराठी झालं असतं.

नातीचं आवडतं कार्टून मात्र 'ब्लूई'. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार होणारी ही मालिका, २०१८ पासून सुरू आहे. सात-आठ मिनिटांचा एक भाग. कुत्र्यांचं चौकोनी कुटुंब, ब्लूई आणि बिंगो या दोघी बहिणी आणि त्यांचे आई-बाबा. तिथला खलनायक कोण, हे मी दोन दिवस शोधत होतो. खलनायक नाहीच. विनोद चालतो तो खेळाचे नियम सगळ्यांनी पाळण्यावर. पहिल्याच भागात मुलींना एक जुना झायलोफोन सापडतो. तो वाजवला की समोरचा माणूस जागच्या जागी थिजतो. अर्थात जादू-बिदू काही नाही, बाबा थिजल्याचं सोंग करतात. पण सोंग इतकं मनापासून करतात, की मुली त्यांची हवी तशी फजिती करू शकतात.

मी लहानपणी कुडाळजवळच्या आमच्या गावात जत्रेला रात्रभर दशावतार बघत असे. प्रत्यक्ष ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा काळाकुट्ट संकासुर यायचा आणि आम्ही पोरं घाबरायच्या ऐवजी पोट धरून हसायचो. जे मोठं, भारदस्त, ते काही क्षण खाली उतरतं आणि आपल्या हाती लागतं, ही ती मजा. ब्लूईचे बाबा तेच करतात, फक्त घरच्या दिवाणखान्यात. बघता बघता मला वाटलं, आपल्याला हे कधी जमलं नाही. आमच्या घरात भारदस्तपणा चोवीस तास उभाच होता.

गेल्या वर्षी एका गुरुवारी नातीने स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि डाव आणला. ताट वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप तोंडाशी नेत होतो. मी तसाच थिजलो. तिने माझ्या टकलावर आपल्या केसांच्या तीन क्लिपा लावायचा प्रयत्न केला, त्या घसरल्या, म्हणून त्या कानाला लावल्या. चहा निवला. मला सोडवायचं कसं, हे तिने ठरवलेलंच नव्हतं. तेव्हा ओठ न हलवता मी म्हणालो, "अमृत म्हण."

तुमच्यापैकी किती जणांना विषामृत आठवतं? 'विष' म्हणून हात लावला की थिजायचं, 'अमृत' म्हणून कुणी हात लावला की सुटायचं. साठ वर्षांत हा शब्द माझ्या तोंडी आला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात ताट एकदा वाजलं की विष आणि दोनदा वाजलं की अमृत. त्या खेळाच्या ओघात 'सोड', 'हलू नकोस', 'आता माझी पाळी', 'चिडीचा डाव रडी' असे शब्द तिच्याकडे कधी गेले ते मला कळलं नाही. मी एकही लिहून दिला नाही.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांनो, तुम्ही हे स्वतः वाचत असाल किंवा आई-बाबा तुम्हाला वाचून दाखवत असतील. तुमच्या घरीही कुणीतरी शनिवारी टीव्ही बंद केला असेल. त्यांची मी वकिली करत नाही. एवढंच सांगतो, की आम्हाला भीती वाटत होती, आणि घाबरलेला माणूस विनोद करू शकत नाही. आणि माझ्या पिढीतल्या मित्रांनो, नातवंडांना मराठी शिकवायची असेल तर आधी दहा मिनिटं थिजून दाखवा. गुडघे दुखतात, पण जमतं.

गेल्या फेब्रुवारीत शुक्रवारी रात्री बर्फाचं वादळ झालं आणि मुलगा, सून, नात आमच्याकडेच अडकले. शनिवारी सकाळी मी पोहे घेऊन बैठकीच्या खोलीत आलो. घड्याळात साडेनऊच झाले असतील असं म्हणणार नाही, मी पाहिलं नाही. नातीने बापाला रोड रनर लावायला लावलं होतं. सोफ्यावर तिच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी बसलो. कोल्हा धावत आला, कडा संपला, तो हवेत उभा राहिला. त्याच क्षणी नातीने रिमोट उचलला आणि ओरडली, "विष!"

कोल्हा थिजला. पडद्यावर तेच चित्र, जे चाळीस वर्षांपूर्वी मी बंद केलं होतं. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्या शनिवारचा धडा कोणता होता, हे आज मला सांगता येत नाही.

"अमृत," नात म्हणाली.

कोल्ह्याने खाली बघितलं. मग तो पडला, लहान लहान होत गेला आणि दूर खाली धुळीचा एक ठिपका उठला.

"पडला एकदाचा," मुलगा म्हणाला. मराठीत.

नातीने रिमोट माझ्या हातात दिला. "आजोबा, परत."

आम्ही परत लावलं.