खुणेचे पान

वाचता वाचता पुस्तक मिटावे लागले, म्हणजे वाचणारा त्यात काहीतरी खूण ठेवतो. कोणी मोरपीस ठेवतो, कोणी पिंपळाचे जाळीदार पान, तर कोणी प्रवासाचे जुने तिकीट. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की वाचणारा अजून वाटेत आहे. खुणेच्या अलीकडची पाने त्याची झाली आहेत. पलीकडची अजून परकी आहेत. अशा वेळी त्याच वाटेने चाललेला दुसरा वाचक भेटला, तर दोघांचेही पाऊल हलके होते.

पुस्तक वाचून पुरे झाल्यावरच त्याविषयी बोलावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो अगदीच खोटा नाही. परंतु पुरे वाचलेल्या पुस्तकाविषयी माणूस बहुधा निकाल देतो, आणि अर्ध्या वाचलेल्या पुस्तकाविषयी तो प्रश्न विचारतो. निकाल ऐकून मुकाट्याने बसावे लागते. प्रश्न ऐकला, की उत्तर शोधावेसे वाटते. म्हणून पुस्तक हातात असतानाच त्याविषयी सोबत्याशी बोलण्यात एक निराळा आनंद आहे.

हा आनंद महाराष्ट्राला नवा नाही. चातुर्मासात गावच्या देवळात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर पोथी लावण्याची चाल फार जुनी आहे. श्रीधर कवीचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ घेऊन एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. ‘पांडवप्रतापा’चे अध्याय ६४, ते काही एका बैठकीत संपत नाहीत. अध्याय पुरा झाला, की पोथी रुमालात बांधून ठेवायची आणि पुढची कथा उद्यावर टाकायची. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर तीच कथा बोलण्यात येई. ज्यांना अक्षराची ओळख नव्हती, तेही अशा रीतीने त्या पोथीचे वाचक होत. पोथी एक, वाचणारा एक. पण खूण साऱ्या गावाने मिळून ठेवलेली असे.

पुढे छापील साप्ताहिके आली. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही आपली कादंबरी क्रमाक्रमाने प्रसिद्ध केली. पुढचा अंक हाती पडेपर्यंत यमूचे पुढे काय झाले, हे कोणालाच कळण्याचा मार्ग नव्हता. कोणी कितीही विद्वान असो वा श्रीमंत असो, त्याला दुसऱ्याच्या पुढचे पान उलटता येत नव्हते. दूरदूरच्या गावी राहणाऱ्या, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या वाचकांची खूण जणू एकाच पानावर असे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली, तेव्हा त्यांनीही अशीच रचना योजिली. श्याम आपल्या सोबत्यांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. आणि ऐकणारे उद्याच्या रात्रीची वाट पाहत घरी जातात.

सोबतीने वाचावयाचे, तर त्यासाठी काही शिष्टाचार मात्र पाळावे लागतात. दुसऱ्याची खूण हलवू नये. पानाचा कोपरा दुमडू नये. जे समजले नाही, ते समजल्याचा आव आणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो मागे आहे त्याला शेवट सांगू नये. पुढे गेलेल्या वाचकाने मागच्याला हात द्यावा. त्याची वाट हिरावून घेऊ नये.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी मुलखातील एका शाळेत सातवीच्या वर्गाच्या खिडकीला एक वही दोरीने टांगून ठेवलेली असे. तिच्या पानांवर तीन रकाने आखलेले होते: पुस्तकाचे नाव, किती पाने झाली, आणि काय अडले. पहिल्या आठवड्यात पहिले दोन रकाने भरभरून वाहू लागले. जाडजूड ग्रंथांची नावे आली. एका दिवसात शंभर-शंभर पाने पुढे गेली. तिसरा रकाना मात्र कोराच राहिला. आपले काही अडते, हे चारचौघांत कोण कबूल करणार? अखेर वर्गशिक्षकांनी स्वतःच्या पुस्तकाचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, “आठ दिवसांत तीस पाने. एक प्रकरण दोनदा वाचले, तरी समजले नाही.” मुलांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्यानंतर शंभर पानांची उड्डाणे आपोआप थांबली.

त्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांच्या बदलीमुळे ती नुकतीच शहरातून आली होती. शाळेच्या कपाटातून तिने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेतली. मेंढपाळांच्या एका लहानशा वाडीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तरांची ती कथा. मुलीने तिसऱ्या रकान्यात लिहिले, “रात्री उघड्या रानात एवढी मेंढरे कशी राखतात, ते डोळ्यांसमोर येत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत उत्तर आले. रानात खुंट्या ठोकून त्यांना जाळे ताणतात. त्या जाळ्याला वाघूर म्हणतात. मेंढरे आत राहतात. कुत्री बाहेरून राखण करतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. लेंड्यांचे खत होते आणि त्याच्या मोबदल्यात धान्य मिळते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण चित्र डोळ्यांसमोर स्वच्छ उभे राहिले. ते लिहिणारा मुलगा मेंढपाळाचा होता. वहीत त्याचे नाव तोवर एकदाही आलेले नव्हते. घरी पुस्तक नाही, तेव्हा या वहीशी आपला काय संबंध, असे त्याला वाटे.

मुलगी पुस्तक घेऊन त्याच्याकडे गेली. मधल्या सुट्टीत लिंबाखाली दोघे मिळून वाचू लागली. ती भराभर वाची. तो अडखळत वाची. पण रानातली गोष्ट आली, की तीच थांबे आणि तोच बोलू लागे. हळूहळू ऐकणारी मुलेही जमू लागली.

पुस्तक अर्ध्यावर आले आणि दिवाळी संपली. पाऊस सरला, की त्या भागातले मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन कोकणाकडे जातात. त्या वर्षी घरात माणूस कमी पडले, म्हणून मुलालाही कळपामागे जाणे भाग पडले. शाळेत त्या पुस्तकाची दुसरी प्रत नव्हती. मुलीचेही ते अर्धेच वाचून झाले होते. तिने थोडा विचार केला, पिंपळाचे जाळीदार पान खुणेच्या जागी नीट ठेवले, शिक्षकांची परवानगी घेतली आणि पुस्तक त्याच्या हाती दिले.

सहा-सात महिने गेले. वर्गातल्या कित्येकांना वाटे, पुस्तक आता कसले परत येते! मुलगी मात्र काही बोलत नसे. मृगाचा पाऊस पडण्याच्या सुमारास कळप परतले. शाळा उघडल्यावर एके सकाळी पुस्तक कपाटात आपल्या जागी दिसले. त्याच्या कव्हराला घोंगडीचा वास येत होता. कोपरा मात्र एकही दुमडलेला नव्हता. पिंपळाचे पान मुलीने ठेवले होते तेथेच, अर्ध्यावर होते. आपली खूण म्हणून त्याने लोकरीचा एक काळा धागा ठेवला होता. तो शेवटच्या पानावर होता.

खिडकीच्या वहीत त्या दिवशी एक नवी ओळ होती. अक्षर पूर्वीपेक्षा पुष्कळ सरळ झाले होते.

“पुस्तक पुरे झाले. शेवट सांगत नाही.”