सोडवणारा देव

ख्रिस्ती श्रद्धेत देवाला उद्धारक मानले जाते. या श्रद्धेचे मूळ प्राचीन इस्राएलच्या जमीनविषयक नियमांत आहे. लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायानुसार, गरिबीमुळे कोणी शेत विकले तर ते सोडवण्याचा हक्क जवळच्या नातलगाला असे. हलाखीपायी माणसाने स्वतःलाच परक्याला विकले असेल, तर भाऊ, चुलता किंवा चुलतभाऊ किंमत भरून त्याला सोडवून आणू शके. कोणीच पुढे आले नाही, तर ५०व्या, म्हणजे योबेलाच्या वर्षी शेत मूळ कुटुंबाकडे परत जाई.

रूथच्या पुस्तकात हा नियम प्रत्यक्ष पाळलेला दिसतो. बेथलेहेमच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर बवाज नावाचा माणूस नात्यातले एक शेत सोडवण्याविषयी आपल्यापेक्षा जवळच्या एका नातलगाला आधी विचारतो. त्याला शेत हवे असते. पण शेताबरोबर मवाबी विधवा रूथची जबाबदारीही येणार हे कळताच तो अंग काढून घेतो आणि रिवाजाप्रमाणे पायातला जोडा काढून देतो. बवाज शेत आणि रूथ दोन्ही स्वीकारतो. सोडवणाऱ्याकडे नाते आणि ऐपत तर हवीच, पण झळ सोसण्याची तयारीही हवी. मिसरच्या गुलामगिरीतून लोकांना बाहेर काढणारा देव बायबलमध्ये असाच आप्त म्हणून उभा राहतो.

नव्या करारात बंधन पापाचे आणि मरणाचे आहे, आणि किंमत येशूच्या प्राणाची. मार्काच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याविषयी बोलतो. ही खंडणी कोणाला दिली गेली, यावर धर्मपंडितांत मतभेद राहिले. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने ती सैतानाला दिली गेली असे मांडले. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस ॲन्सेल्मने ते नाकारले आणि देवाच्या सन्मानाची भरपाई हा अर्थ पुढे आणला. किंमत मात्र दोघांनीही खरीच मानली.

आमच्या घरात ही शिकवण शेताच्या कागदातून उतरली. वडिलांच्या आजारपणात गहाण पडलेले शेत काकांनी स्वतःची बैलजोडी विकून सोडवले. सावकाराकडून आणलेला कागद त्यांनी आईच्या हातात ठेवला. घड्यांवर फाटलेल्या त्या कागदाखाली वडिलांचा अंगठा होता. काकांनी पुढे त्या शेतावर कधीही हक्क सांगितला नाही. त्या पेरणीला मात्र त्यांनी दुसऱ्याचे बैल मागून आणले. तारणारा हा शब्द मी रविवारच्या उपासनेत लहानपणापासून ऐकत होतो. सुटका फुकट मिळाली तरी ती कोणाला तरी महाग पडलेली असते, हे मला काकांमुळे समजले. प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना मला ती किंमत आजही आठवते.

पंडिता रमाबाईंचा अनुभव या श्रद्धेची दुसरी बाजू दाखवतो. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत मात्र त्या सांगतात की आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला. ख्रिस्त उद्धारक म्हणून उमगायला आणखी काही वर्षे लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. स्वतःच्या सुटकेची जाणीव त्यांना दुसऱ्यांच्या सुटकेकडे घेऊन गेली.

रोजच्या जगण्यात या श्रद्धेची कसोटी हीच आहे. ज्याचे ऋण फिटले, त्याने दुसऱ्याच्या जुन्या चुका उगाळत बसू नये. मंडळीत कोणी कर्जात, व्यसनात किंवा एकटेपणात अडकले असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करावीच, पण नातलगासारखे त्याच्या दारातही जावे. उद्धारक देवावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने झळ सोसून निदान एका माणसाला तरी सोडवावे.