तीन फासे, सहा वेळा

मराठीत एक छान सोय आहे. 'गुण' म्हणजे परीक्षेतले मार्कही आणि माणसाच्या अंगचे गुणही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ या श्लेषावरच उभा आहे असं मला नेहमी वाटतं. आता तो १९७४ साली काढला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी, त्यांचा मराठीशी काय संबंध म्हणा! असो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो (त्याला डन्जन मास्टर म्हणतात, आमच्यात तो मी), बाकीचे एकेक पात्र होतात. प्रत्येक पात्राचे सहा गुण: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि करिश्मा. बुद्धी आणि शहाणपण वेगळे कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. वर्गात पहिला येणारा, पण रिक्षावाल्याकडून दरवेळी गंडणारा एक तरी मित्र तुम्हाला असेलच. बस्स, तोच फरक.

आता खरा प्रश्न असा, की हे आकडे येतात कुठून?

सुरुवातीला पद्धत साधी होती. तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, आली तशी क्रमाने लिहायची. सरासरी साडेदहा, आणि अठरा येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. मग कागदाकडे बघून ठरवायचं की आपल्या हाती लागलंय कोण. १९७८ च्या नियमांत पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा व्हायचं तर करिश्मा किमान १७ हवा. तीन फाशांवर हे ५४ मध्ये एकदा जमतं, शिवाय बाकीच्या अटी आहेतच. पॅलाडिन भेटला तर भेटला, ठरवून बनवता येत नसे.

पण १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीपासून जास्त ताकदीचा लढाईत चांगलाच फायदा मिळायला लागला होता. आकड्याला भाव आला की माणसं वाटा शोधणारच. १९७९ च्या पुस्तकात चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून द्या, आकडे हवे तिथे लावा, अशी मुभा आली. पुढे आकडे चक्क विकत घेता यायला लागले. २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी २७ पॉइंट मिळतात, प्रत्येक गुण ८ ते १५ मध्ये बसवायचा. हे वाचल्यावर आमच्यासारख्यांचं काय होतं ते सांगायला नको. एक्सेल उघडतं. तीन गुणांना १५, तीन गुणांना ८, बरोब्बर २७! १३ घेणं म्हणजे उधळपट्टी, कारण १२ आणि १३ चा फायदा सारखाच. जादूगाराला ताकद कशाला? आठ. लढवय्याला करिश्मा कशाला? आठ.

मलाही हे गणित आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्यातून येतं ते उत्तर, माणूस नाही. चार वर्षांत माझ्या टेबलावर जे जादूगार येऊन गेले, त्यांची नावं सोडली तर सगळे एकाच फॅक्टरीतले.

आमच्यात एक टेस्टर मित्र आहे. अतिशय हुशार, पण मीटिंगमध्ये शेवटी बोलतो, तेही कोणी विचारलं तर. त्याचं पात्र ठरलेलं: दाढीवाला बुटका योद्धा, हातात कुऱ्हाड, करिश्मा आठ. "मी मारतो" एवढं म्हटलं की काम भागतं. गेल्या पावसाळ्यात नवीन मोहीम सुरू करताना मी जुनी पद्धत लावली. तीन फासे, क्रमाने, तक्रार नाही. त्याचे आले ताकद ९, बुद्धी ११, शहाणपण १०, काटकपणा ७, चपळाई १२ आणि करिश्मा १६.

तो कागदाकडे बघतच बसला. हे त्याने सात जन्मात विकत घेतलं नसतं.

पहिल्याच शनिवारी वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवायची वेळ आली. सवयीने मी विचारलं, "बोल, काय म्हणतोस?" तो गप्प. मग माझ्या लक्षात आलं की १८ ताकदवाल्याला आपण कधी टेबल उचलून दाखव म्हणत नाही, मग करिश्म्यालाच ही परीक्षा का? म्हटलं, नुसतं काय हवंय ते सांग, कसं बोललास ते फासे बघतील. तो म्हणाला, "त्याला म्हणतो, माझी खानावळ बुडाली, आत उधारी वसूल करायची आहे." कुठून काढलं कोण जाणे! काटकपणा ७ म्हणून तो मधेमधे खोकलाही. फासे चांगले पडले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच दिवशी आमच्या एका मैत्रिणीचे सगळे आकडे ११ च्या खाली आले. तिसऱ्या शनिवारी तिचं पात्र मेलं, आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही. वर्षभर चालणाऱ्या खेळात एका संध्याकाळच्या फाशांची शिक्षा का भोगायची, हे तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. आता आम्ही फासे क्रमानेच टाकतो, पण कुठल्याही दोन आकड्यांची एकदा अदलाबदल चालते. तिने नवीन पात्रासाठी ती लगेच वापरली.

टेस्टरलाही मी विचारलं, तुला बदलायचेत का? "नको," म्हणाला. पुढच्या शनिवारी खानावळवाला राजाच्या दरबारात उभा राहणार आहे, आणि परवा रात्री साडेअकराला याचा फोन, की तिथल्या मुदपाकखान्यात साधारण किती माणसं असतील?